खाणीला कुलूप लागते तेव्हा

श्रमाला प्रतिष्ठा आहे, ही शिकवण आम्ही कॅथलिक लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संत योसेफ सुतार होते, प्रभू येशूने स्वतःच्या हातांनी लाकूड घडविले, प्रेषित पौल तंबू शिवून आपला निर्वाह करीत, हे दाखले १ मे रोजी, कामगार संत योसेफ यांच्या सणाला, धर्मगुरू आवर्जून देतात. श्रम करणाऱ्याची प्रतिष्ठा आम्हाला समजते. परंतु श्रमच उरला नाही तर? पिढ्यानपिढ्या एकच काम करीत आलेल्या गावाला एके दिवशी कळते की, आपल्या कामाची आता जगाला गरज नाही. त्या गावाच्या प्रतिष्ठेचे पुढे काय होते? आणि शासनाने त्या गावासाठी थैली मोकळी केली, तर ती प्रतिष्ठा परत येते काय?

हे प्रश्न आमच्या मनात आले ते पोलंडच्या यात्रेत. आमच्या धर्मग्रामातील आम्ही चाळीसएक जण क्राकोवचे दैवी दयेचे मंदिर, संत पोप जॉन पॉल दुसरे यांचे जन्मगाव वादोवित्से आणि चेंस्तोहोवाची काळी माता यांच्या दर्शनाला गेलो होतो. क्राकोवहून चेंस्तोहोवाला जाताना वाटेत सायलेशियातील काटोविचे शहर लागते. बसचालकाच्या सक्तीच्या विश्रांतीमुळे आम्हाला तिथे अर्धा दिवस मिळाला. यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत या शहराला एक ओळही नव्हती. घरी परतल्यावर मात्र आमच्या गप्पा पुन्हापुन्हा याच अर्ध्या दिवसाकडे वळू लागल्या, आणि त्या प्रदेशाविषयी मिळेल ते आम्ही वाचीत राहिलो.

आमच्या वाटाड्याने आम्हाला निकिशोवियेत्स या वस्तीत नेले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिशे खाणीच्या मालकांनी आपल्या कामगारांसाठी ती बांधली. लाल विटांच्या तीनमजली चाळी चौकाभोवती उभ्या आहेत, खिडक्यांच्या कडा तांबड्या रंगाने रंगविल्या आहेत, आणि कमानीखालून एका चौकातून दुसऱ्या चौकात जाता येते. एके काळी या चौकांत पाव भाजण्याच्या भट्ट्या आणि जनावरांचे गोठे होते. वस्तीच्या मध्यभागी संत अन्ना यांचे भव्य चर्च आहे. खाण, चाळ, दुकान, शाळा आणि चर्च ही सारी हाकेच्या अंतरावर. ज्या खाणीवर ही वस्ती पोसली गेली तिचे नाव पुढे वियेचोरेक असे झाले आणि २०१८ साली तीही बंद पडली. आज तिथे पर्यटक येतात, कॉफी पितात, छायाचित्रे काढतात. आम्हीही काढली.

वाटाड्याने आम्हाला एक गोष्ट सांगितली ती आम्ही विसरलो नाही. सायलेशियाचे खाणकामगार एकमेकांना भेटले की ‘नमस्कार’ किंवा ‘शुभ दिन’ असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘श्चेंश्च बोझे’, म्हणजे ‘देव भले करो’. जमिनीखाली शेकडो मीटर उतरणाऱ्या माणसाला पुन्हा वर येण्याची खात्री नसते, म्हणून त्याच्या अभिवादनातच प्रार्थना आहे. त्यांची आश्रयदाती संत बार्बरा. ४ डिसेंबरला तिचा सण असतो. त्या दिवशी पहाटे बँडपथक वस्तीतून वाजत जाते, कामगार काळा गणवेश आणि पिसाऱ्याची टोपी घालून मिस्साला येतात. वाजंत्र्यांच्या टोपीवरचा पिसारा तेवढा लाल असतो. खाण बंद झाली तरी ही प्रथा बंद पडलेली नाही.

चर्चच्या आवारात एक वृद्ध निवृत्त खाणकामगार भेटले. आमच्या फादरांनी वाटाड्यामार्फत त्यांची चौकशी केली. पैसे मिळाले का, असे विचारताच ते म्हणाले, “मिळाले. सरकारने फसवले असे मी म्हणणार नाही. पण पहाटे चारला जाग येते ती येतेच, आणि मग करायचे काय ते कळत नाही.” हे भाषांतर होऊन आमच्यापर्यंत पोहोचले तेव्हा आमच्यातले एक काका हळूच म्हणाले, “फादर, त्यांना सांगा, आमचेही तसेच झाले.”

काकांचे म्हणणे आम्हाला सर्वांना कळले. आमच्या गटात मुंबईच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत आयुष्य घालविलेले चौघे-पाच जण होते. १९८२ च्या गिरणी संपानंतरची वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना स्वेच्छानिवृत्ती हा शब्द किती स्वेच्छेचा असतो हे सांगावे लागत नाही. एका कारखान्याने काकांच्या हाती एक धनादेश दिला. त्यातून घराचे छप्पर झाले, मुलीचे लग्न झाले, आणि तीन वर्षांत तो संपला. रक्कम लहान होती असे ते कधी म्हणाले नाहीत. धनादेश हाती पडल्यापासून आपल्याला कुणी काही विचारले नाही, एवढेच ते सांगत. सायलेशियाची कथा आम्ही वाचली ती काकांच्या या वाक्याच्या उजेडात.

ती कथा थोडक्यात अशी. १९८९ साली, साम्यवादी राजवट संपली तेव्हा, पोलंडमध्ये दगडी कोळशाच्या सुमारे ७० खाणी होत्या आणि त्यांत चार लाखांच्या आसपास माणसे काम करीत. त्या राजवटीत खाणकामगार हा राष्ट्राचा लाडका पुत्र मानला जाई. त्याला चांगला पगार, वेगळी दुकाने, विश्रांतिगृहे, मुलांसाठी बालवाड्या मिळत. मात्र त्याच्याकडून रविवारही मागून घेतला जाई. चार पाळ्यांच्या गटांची एक पद्धत काढून खाण रविवारीही चालू ठेवण्यात आली, तेव्हा काटोविचेचे बिशप हेर्बेर्ट बेदनोश यांनी तिला जाहीर विरोध केला. रविवार देवाचा आहे आणि कुटुंबाचा आहे, हे त्यांचे मागणे पियेकारी येथील मरियामातेच्या मंदिरात दर मे महिन्यात जमणाऱ्या पुरुषांच्या यात्रेत वर्षानुवर्षे दुमदुमत असे. सप्टेंबर १९८० मध्ये यास्त्शेंब्ये येथे संपकरी खाणकामगारांनी सरकारशी करार केला, त्यात ती पद्धत रद्द करून घेतली. भाकरीबरोबर विसाव्याचा दिवसही मागणाऱ्या या कामगारांविषयी आम्हाला जवळीक वाटली.

पुढच्याच वर्षी, १३ डिसेंबर १९८१ रोजी, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १६ डिसेंबरला काटोविचेच्या वुयेक खाणीत संपावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन नऊ खाणकामगार प्राणास मुकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमाविषयीचे ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक निघाले होते. श्रम माणसासाठी आहे, माणूस श्रमासाठी नाही, हे त्याचे सार. हे लिहिणाऱ्या पोपमहोदयांनी तरुणपणी, जर्मन आक्रमणाच्या काळात, क्राकोवजवळच्या दगडाच्या खाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात काम केले होते. जून १९८३ मध्ये ते काटोविचेला आले आणि त्यांनी लाखोंच्या समुदायापुढे कामगारांच्या हक्कांविषयी प्रवचन केले.

स्वातंत्र्य आले आणि त्याच्यापाठोपाठ हिशेबही आला. जमिनीत खोल असलेला कोळसा महाग पडत होता, परदेशचा स्वस्त मिळत होता, खाणी कर्जात बुडाल्या होत्या. ज्या कामगारांनी स्वातंत्र्यासाठी प्राण दिले, त्यांच्याच खाणी स्वतंत्र सरकारला बंद कराव्या लागल्या. आमच्या मते या कथेतील सर्वांत कटू भाग हाच आहे. खलपुरुष शोधून तिचे समाधान होत नाही.

पहिला घाव बसला तो सायलेशियाच्या पश्चिम टोकाच्या वाऊब्झिख शहरावर. तिथल्या सर्व खाणी १९९० च्या दशकात एकापाठोपाठ एक बंद झाल्या. शहराचे दुसरे पोटच नव्हते. पुनर्वसनाची योजना धड तयार होण्यापूर्वीच खाणींवर पाणी सोडण्यात आले. त्यानंतर काय झाले? बेकार खाणकामगार कुदळी घेऊन शहराभोवतीच्या रानात गेले आणि जिथे कोळशाचा थर वर येतो तिथे त्यांनी स्वतःच्या हातांनी विवरे खणली. पोलिश भाषेत त्यांना ‘बियेदाशिबी’ म्हणतात, म्हणजे गरिबीच्या विहिरी. हा शब्द १९३० च्या मंदीतला. साठ-सत्तर वर्षांनी तो पुन्हा जिवंत झाला. आधार नाही, हवा खेळत नाही, वरून माती ढासळण्याचे भय. तिथून काढलेला कोळसा पोत्यांत भरून शेजाऱ्यांना शेगडीसाठी विकायचा आणि पोलीस आले की रानात पळायचे. कित्येक जण त्या मातीखाली गाडले गेले. ज्या कौशल्यासाठी एके काळी छातीवर पदके लावली जात, त्याच कौशल्यासाठी आता त्यांना गुन्हेगार ठरविले जात होते.

सरकार यातून काही शिकले नाही असे म्हणता येणार नाही. १९९८ साली पंतप्रधान येझी बुझेक यांच्या सरकारने खाणकामगारांसाठी सामाजिक साहाय्याची मोठी योजना आणली. बुझेक सायलेशियातल्या ग्लिविचे शहरात राहिलेले, त्यामुळे खाणवस्त्या त्यांना परक्या नव्हत्या. निवृत्तीला थोडी वर्षे उरलेल्यांना ‘खाणरजा’ मिळाली, म्हणजे काम न करता पगाराचा मोठा हिस्सा. तरुणांसाठी एकरकमी भरपाई ठेवली. ती सुमारे दोन वर्षांच्या वेतनाइतकी, चाळीस हजार झ्लॉटींहून अधिक होती. जागतिक बँकेनेही १९९९ मध्ये या कामी कर्ज दिले. चार-पाच वर्षांत एक लाखाच्या आसपास माणसे खाणीबाहेर पडली, आणि रस्त्यावर रक्त सांडले नाही. कुणालाही सक्तीने काढले नाही. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या संपात खाणकामगार आणि पोलीस यांच्यात जो कडवा संघर्ष झाला, तो आठवला की या योजनेचे मोल कमी लेखता येत नाही.

पण हजारो तरुण कामगारांनी जी एकरकमी भरपाई घेतली तिची गत काय झाली? सायलेशियातली घरे बहुधा एका पगारावर चालत. नवरा खाणीत, बायको घरी. आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम एकदम घरात आली. कुणी मोटार घेतली, कुणी घर सजविले, कुणी जुने कर्ज फेडले. धंदा काढणारेही होते, परंतु सगळी वस्तीच बेकार असताना दुकानात येणार कोण? पैसा संपला तेव्हा अनेकांच्या हाती ना नोकरी होती, ना दुसरे कसब. त्याच वेळी खाणींनी चालविलेल्या बालवाड्या, सांस्कृतिक भवने, क्रीडामंडळे, कामगारांची घरे नगरपालिकांच्या गळ्यात पडली, आणि खाणीकडून मिळणारे कर थांबल्याने नगरपालिका कफल्लक होत होत्या. एके काळी खाणींनी गजबजलेल्या बितोम शहरात तर जमीन खचून घरांना भेगा पडल्या. २०११ साली कार्ब नावाच्या भागातील कुटुंबांना आपली घरे सोडून जावे लागले. खाणीच्या पोकळीवर उभी असलेली ती घरे आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

इथे आम्हाला काकांचे वाक्य पुन्हा आठवते. धनादेश एका माणसाच्या नावे निघतो, पण खाण मात्र साऱ्या वस्तीची बंद होते. बँडपथक, फुटबॉलचा संघ, पाळी सुटल्यावरच्या गप्पा, शेजारच्या घरातील मुलाला कामावर चिकटवून देण्याची ओळख, सणाच्या मिस्साला भरलेले चर्च, यांची भरपाई कुणाच्याच नावे निघत नाही. आईच्या निधनानंतर प्रत्येक मुलाला वाटा मिळावा पण घर मात्र मोडून पडावे, तसे हे झाले.

मग काय, शासनाने पैसाच देऊ नये? तसे आम्ही म्हणणार नाही. पैसा कुठे उपयोगी पडला हेही सायलेशियातच दिसते. वाऊब्झिखला १९९७ साली विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले, उद्योगांना करसवलती मिळाल्या, आणि काही वर्षांतच टोयोटा कंपनीचा कारखाना तिथे सुरू झाला. ग्लिविचेला ओपेल मोटारींचा कारखाना आला. वाऊब्झिखच्या एका बंद खाणीची वास्तू युरोपीय निधीच्या साहाय्याने दुरुस्त होऊन २०१४ पासून ‘जुनी खाण’ या नावाने संग्रहालय आणि कलाकेंद्र म्हणून उभी आहे. पूर्वी खाणीत राबलेली काही माणसे तिथे पाहुण्यांना खाण दाखवितात. काटोविचेत १९९९ साली बंद झालेल्या खाणीच्या जागेवर आज सायलेशियाचे संग्रहालय, राष्ट्रीय रेडिओ वाद्यवृंदाचे सभागृह आणि परिषदगृह आहे. डिसेंबर २०१८ मध्ये हवामानबदलावरील जागतिक परिषद भरली ती याच आवारात. साऱ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी जुन्या कोळसाखाणीच्या जमिनीवर बसून कोळशाच्या भवितव्याची चर्चा करीत होते. कोळसा सोडताना कामगारांना वाऱ्यावर सोडू नये, असे सांगणारे ‘न्याय्य स्थित्यंतरा’चे घोषणापत्र तिथूनच निघाले.

या शब्दांना पुढे पैशाचे बळ मिळाले. युरोपीय संघाने २०२१ साली ‘न्याय्य स्थित्यंतर निधी’ स्थापन केला. त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३.८५ अब्ज युरो, पोलंडच्या पदरी पडला. त्यातले दोन अब्जांहून अधिक एकट्या सायलेशिया प्रांताला. ज्या वाऊब्झिखला पहिल्या वेळी कुणी विचारले नव्हते, त्यालाही या वेळी वाटा मिळाला. हा निधी कामगारांना घरी बसविण्यासाठी नाही. नवे कसब शिकविणे, छोटे उद्योग उभे करणे, खाणीने नासलेली जमीन सुधारणे अशा कामांसाठी आहे. त्याच वर्षी, २८ मे २०२१ रोजी, पोलिश सरकार आणि खाणकामगार संघटना यांच्यात करार झाला. कोणती खाण केव्हा बंद होणार याचे वेळापत्रक त्यात घातले असून शेवटची खाण २०४९ साली बंद व्हावयाची आहे. आज त्या देशात दगडी कोळशाच्या खाणींत पाऊण लाखाच्या आसपास माणसे उरली आहेत. अठ्ठावीस वर्षे अगोदर तारीख सांगून, कामगारांना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसवून, त्यांच्या सहीने खाण बंद करावयाची, ही वाऊब्झिखच्या मानाने केवढी मजल आहे!

तरीही एक गोष्ट आम्हाला खटकली. युरोपीय निधीचा मोठा भाग २०२६ अखेरपर्यंत खर्च व्हावा, असे बंधन तो स्थापन करतानाच घातले गेले. खाणी बंद व्हावयाच्या २०४९ पर्यंत, आणि पैसा संपवायचा २०२६ पर्यंत. आज जो तरुण खाणीत उतरत आहे त्याला नवे कसब पंधरा वर्षांनी लागेल. तेव्हा हा निधी कुठे असेल? तारखेच्या आत खर्च करावयाचा म्हटले की ज्यांच्याकडे प्रस्ताव लिहिणारी माणसे तयार असतात, त्या मोठ्या संस्थांकडे पैसा आधी जातो. चाळीच्या चौकात बसलेल्या माणसाला अर्ज भरण्याची रीत कळेपर्यंत मुदत टळून गेलेली असते. यात कुणाची लबाडीच असते असे नाही. पैशाचे घड्याळ आणि माणसांचे घड्याळ वेगळ्या गतीने चालते, एवढेच.

या ठिकाणी ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतील एक तत्त्व आम्हाला मार्गदर्शक वाटते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ लिहून कामगारांचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या अजेंड्यावर आणला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना त्याच पूर्वसूरींचे स्मरण केले. त्या परिपत्रकाला चाळीस वर्षे झाली तेव्हा, १९३१ साली, पोप पायस अकरावे यांनी ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे परिपत्रक काढले. जे काम लहान समुदाय स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. मोठ्या सत्तेने त्याला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. या तत्त्वाचे लॅटिन नाव ‘सुब्सिदियुम’ या शब्दावरून आले आहे. त्याचा अर्थ साहाय्य, पाठीशी उभी असलेली मदत. आपण रोजच्या बोलण्यात वापरतो तो ‘सबसिडी’ हा शब्दही त्याच मुळाचा. शब्द एकच, परंतु आपण त्यातला पैसा ठेवला आणि पाठीशी उभे राहणे सोडून दिले.

सायलेशियाच्या तीस वर्षांचा ताळा आम्ही याच शब्दावर करून पाहिला. वाऊब्झिखला आरंभी ना पैसा होता, ना कुणी पाठीशी. १९९८ च्या योजनेत पैसा होता, तो एकेकट्याच्या हाती. २०२१ च्या करारात पैसा आहे, वेळ आहे, आणि कामगारांची सहीही आहे. उणे आहे ते हे की निधीची मुदत वस्तीच्या गरजेशी जुळत नाही. खाण बंद होण्याआधी आलेला पैसा आधार ठरतो, नंतर आलेला पैसा भरपाई होते. आणि आधीचा असो वा नंतरचा, तो कशासाठी हवा हे त्या वस्तीला विचारले गेले तरच त्यातून काही उभे राहते.

हे सारे दूर देशीचे आहे असे म्हणून आम्हाला सोडून देता येत नाही, कारण कोळसा आमच्या महाराष्ट्रातही आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी, उमरेड ही आमचीच गावे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपूरला आहे, आणि सिरो-मलबार परंपरेच्या चांदा धर्मप्रांताचे पीठ बल्लारपूरला, म्हणजे कोळशाच्या पट्ट्यातच आहे. २०२४-२५ या वर्षी भारताच्या कोळसा उत्पादनाने शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. अशा वेळी खाणी बंद होण्याची गोष्ट काढणे अवेळी वाटेल. पण एकूण उत्पादन वाढत असतानाच जुन्या, खोल, तोट्यातल्या भूमिगत खाणी मिटत असतात, आणि त्यांच्याभोवतीच्या वसाहती हळूहळू ओस पडू लागतात.

कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाणबंदीची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यानुसार खाणकंपनीला दर हेक्टरी ठरलेली रक्कम दरवर्षी एस्क्रो खात्यात भरावी लागते. त्यांचा मुख्य भर होता तो जमीन, पाणी व झाडी पूर्ववत करण्यावर. ते आवश्यकच आहे. २०१५ च्या कायद्याने खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही स्थापन झाली, आणि त्यांच्या निधीतून पाणी, आरोग्य, शिक्षण यांची कामे होऊ शकतात. कंपनीच्या कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होते, त्याला निवृत्तिवेतन असते. परंतु ठेकेदाराकडे राबणारा मजूर, कोळसा वाहणारा ट्रकचालक, फाटकाबाहेरची चहाची टपरी, वसाहतीत धुणीभांडी करणारी बाई, सायकलवर कोळशाची पोती लादून विकणारा माणूस, यांची नावे कोणत्या खात्यात आहेत? पोलंडमध्ये निदान जवळजवळ प्रत्येक कामगाराचे नाव हजेरीपटावर होते. आमच्याकडे खाणीवर जगणाऱ्या कितीतरी माणसांची नावे कुठल्याच पटावर नाहीत. ज्याचे नावच नाही त्याला धनादेशही येत नाही.

म्हणून आम्हाला वाटते, आमच्याकडची वेळ अजून गेलेली नाही. खाणी चालू आहेत, निधी जमा होत आहे, ग्रामसभा आहेत, बचतगट आहेत, पंचायती आहेत, आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात चर्चच्या शाळा व दवाखानेही आहेत. खाण बंद झाल्यावर तुम्हाला काय हवे, हा प्रश्न ती चालू असतानाच विचारता येईल, आणि कुणाकुणाला विचारावयाचे त्यांची यादी आजच करता येईल. त्यासाठी अब्जावधींची गरज नाही. कुणीतरी वही घेऊन घरोघर जाण्याची गरज आहे. असे काम धर्मग्रामातील लहान ख्रिस्ती समूह, युवासंघ आणि महिला मंडळे उत्तम करू शकतात, हे आमच्या अनुभवाचे आहे. शासनाचा पैसा येईल तेव्हा तो कशासाठी मागावयाचा हे त्या वस्तीला ठाऊक असावे, एवढी तयारी झाली तरी पुष्कळ झाले.

आमच्या काकांनी परतल्यावर धर्मग्राम समितीत एक सूचना मांडली, आणि ती मान्य झाली. दर ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला, सकाळच्या मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेत एक विनंती वाढवावयाची: खाणीत उतरणाऱ्यांसाठी, ज्यांच्या खाणी मिटल्या त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासाठी मंजूर होणारा पैसा ज्यांच्या हातून जातो त्या अधिकाऱ्यांसाठीही. शेवटची विनंती कशाला, असे समितीत कुणीतरी विचारले. काका म्हणाले, “तेही माणसेच आहेत. त्यांनी आपल्याला विचारावे, एवढी बुद्धी देव त्यांना देवो.” देव त्या साऱ्यांचे भले करो.